साठवणीचा वेग आणि त्याचे माप

२९ फेब्रुवारी २०१२ या दिवशी इंग्लंडात एक संगणक विक्रीस आला. त्याचे नाव रास्पबेरी पाय. त्याला पेटी नव्हती, पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पट्टी, तिच्यावर चार-दोन चिपा आणि तारा जोडण्याची तोंडे, एवढाच त्याचा संसार. किंमत ३५ डॉलर. केंब्रिजमधील एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू असा की, शाळेतल्या पोरांनी हे यंत्र उघडे पाहावे, त्याच्याशी खेळावे, आणि खेळता खेळता शिकावे. यंत्र इतके खपले की २०२४ पर्यंत त्याच्या सर्व आवृत्त्या मिळून सहा कोटींहून अधिक नग विकले गेले. आरंभी ते चीनमध्ये तयार होई. २०१२ सालीच काम वेल्समधल्या पेनकोड येथील सोनीच्या कारखान्यात आणले गेले. चीनमधून ब्रिटनमध्ये काम परत आले, ही गोष्ट आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला थबकायला लावते; पण आजचा विषय तो नव्हे.

या पट्टीवर माहिती साठविण्याची तबकडी नाही. तिची सारी शिदोरी बोटाच्या नखाएवढ्या एका कार्डावर असते. कॅमेऱ्यात, फोनमध्ये घालतात तेच हे कार्ड. तेव्हा साहजिकच प्रश्न येतो : या कार्डावर माहिती किती झपाट्याने ठेवली जाते, आणि किती झपाट्याने काढता येते? प्रश्न एवढासा आहे. पण त्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात मोजली जाणारी यंत्रे जशी आहेत तशीच मोजणारी माणसेही आहेत.

संगणकाचे शास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. परंतु मोजमापाशी आमचा परिचय जुना आहे. कामगाराच्या मागे उभे राहून घड्याळ लावणारा माणूस आम्ही पुष्कळदा पाहिला आहे, आणि त्याच्या हातातल्या कागदावरचा आकडा खरा असूनही अन्याय्य कसा असू शकतो, हेही पाहिले आहे. त्याच नजरेने हा इतिहास श्रोत्यांपुढे मांडावा, असे मनात आहे.

१९५६ साली आय.बी.एम. या कंपनीने जगातील पहिली व्यापारी चुंबकीय तबकडी-यंत्रणा बाजारात आणली. ती कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत घडली. या प्रयोगशाळेचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे पूर्वी शाळामास्तर होते. यंत्र कपाटाएवढे. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्यामध्ये वरखाली, आतबाहेर फिरणारा एक हात. एवढ्या डोलाऱ्यात ५० लाख अक्षरे मावत. हवी ती नोंद सापडायला सरासरी सहा-दशांश सेकंद लागे.

हा सहा-दशांश सेकंदाचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. या यंत्राला 'रॅमॅक' म्हणत, आणि त्या नावाचा अर्थच मुळी 'हवे तेथून उचलून हिशेब ठेवण्याची पद्धत' असा होता. तोवर हिशेब छिद्रांच्या कार्डांवर आणि फितीवर असत. एका गिऱ्हाइकाची बाकी पाहायची तर सगळा गठ्ठा क्रमाने उलगडावा लागे. रॅमॅकने कारकुनाच्या प्रश्नाला उत्तर दिले : 'हजारो खात्यांतून मला हे एक खाते हवे आहे, किती वेळात देतोस?' म्हणजे तबकडीच्या जन्मीच विचारलेला प्रश्न सलग वाचनाचा नव्हता. विखुरलेल्या नोंदी किती लवकर सापडतात, हा होता.

पुढे तबकड्या लहान झाल्या, दाट झाल्या, भराभर फिरू लागल्या. फिरणे वाढले की सलग वाचनाचा आकडा फुगतो. पण एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणारा हात अखेर लोखंडाचा हातच. त्याची गती त्या मानाने फार थोडी वाढली. तेव्हा विकणाऱ्याने काय केले असेल हे सांगायला नको. जो आकडा मोठा, तो खोक्यावर आला. कारकुनाचा प्रश्न मागे पडला.

आता तबकडीवर माहिती कोठे ठेवायची, तिची नोंद कशी करायची, हे पाहणारा संगणकातला जो कारभारी असतो त्याला फाइलसिस्टीम म्हणतात. गोदामातला मेहता समजा. गोदाम तेच, हमाल तेच. पण मेहता कसा आहे त्यावर माल पाच मिनिटांत निघतो की दुपार जाते हे ठरते. १९८४ साली बर्कली विद्यापीठातील मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी युनिक्सच्या जुन्या मेहत्याची झडती घेतली. त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. त्यांना आढळले की जुनी पद्धत तबकडीच्या पूर्ण शक्तीपैकी सुमारे दोनच टक्के वापरते. त्याहून महत्त्वाचे असे की, गोदाम नवे असताना सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत मिळणारा वेग काही आठवड्यांच्या साधारण वापरानंतर ३० वर येई. कारण सरळ होते. माल येत-जात राहिला की मोकळ्या जागा विस्कळीत होतात, आणि एकाच फाइलचे तुकडे गोदामभर पसरतात. या चौघांनी संबंधित वस्तू शेजारी-शेजारी ठेवणारा नवा मेहता नेमला, आणि वेग दसपटीपर्यंत वाढला.

१७५ आणि ३०. दोन्ही आकडे खरे. कोणत्या दिवशी मोजले, एवढाच फरक.

आमच्या क्षेत्रात याला समांतर अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी कामाला घड्याळ लावण्याचे शास्त्र रचले. १९११ च्या ऑगस्टमध्ये मॅसेच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकामगारांच्या मागे हे घड्याळ उभे राहिले, आणि कामगार काम सोडून बाहेर पडले. त्याची चौकशी झाली, आणि १९१५ साली अमेरिकन काँग्रेसने लष्करी खर्चाच्या मंजुरीतच अट घातली की, या पैशातून कामगाराला घड्याळ लावायचे नाही. मुंबईत १९२८ साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्यातही हाच काटा होता : विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावे, कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू. मालकाकडे आकडे होतेच. पण सूत चांगले असताना मोजले की तुटके असताना, पहिल्या तासाला मोजले की आठव्या, साचा बंद पडून राहिलेला वेळ धरला की वगळला, हे विचारल्यावाचून त्या आकड्यांना अर्थ नव्हता. बर्कलीच्या चौघांनी आपल्या यंत्राला नेमका हाच प्रश्न विचारला होता, म्हणून त्यांचा निबंध वाचून आम्हांला परका वाटला नाही.

१९९१ साली त्याच विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लूम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी निराळाच विचार पुढे आणला. आपल्याकडच्या दुकानदाराला तो चटकन कळेल. दुकानात दोन वह्या असतात. कीर्दीत जसा व्यवहार घडेल तसा ओळीने लिहीत जायचे. खतावणीत प्रत्येकाचे खाते उघडून त्याच्या पानावर नोंद घालायची. खतावणी लिहायला पाने चाळावी लागतात, कीर्दीला लागत नाहीत. या दोघांनी सांगितले, सगळी तबकडीच कीर्द करून टाका. लिहिताना हात हलवायलाच नको. वेग विलक्षण वाढला. पण कीर्द कधीतरी भरते. मग जुनी पाने चाळून, रद्द झालेल्या नोंदी टाकून, चालू नोंदी पुढे उतरवून जागा मोकळी करावी लागते. या झाडलोटीचा खर्च किती? मार्गो सेल्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ आणि १९९५ साली मोजून दाखविले की, तबकडी बरीच भरलेली असताना आणि बारीक-बारीक व्यवहार सतत चालू असताना हा खर्च जड जातो. ऑस्टरहाउट यांनी त्या मोजणीवर जाहीर टीका केली. दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही प्रामाणिक. वाद यंत्राविषयी थोडा आणि मोजणी कोणत्या परिस्थितीत करावी याविषयी अधिक होता. झाडलोट कामाच्या वेळेत धरायची की नाही, हा प्रश्न आम्ही ज्या वाटाघाटींना बसलो तेथे नेहमी शेवटपर्यंत उरत असे.

मोजणीसाठी जो 'बेंचमार्क' हा शब्द वापरतात तो मुळात जमीन मोजणाऱ्यांचा. उंची मोजताना पट्टी दरवेळी त्याच पातळीवर टेकावी म्हणून दगडात खाच कोरून ठेवीत, ती ही खूण. आपल्या देशातही सर्व्हे खात्याने असे दगड ठिकठिकाणी रोवले. दगड हलत नाही, हा त्याचा गुण. संगणकाचा बेंचमार्क मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीच्या जागी रोवला. टिम ब्रे नावाच्या गृहस्थांनी कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात ऑक्सफर्ड शब्दकोशाचे काम करताना 'बॉनी' नावाची चाचणी लिहिली. शब्दकोशाच्या प्रचंड फाइली चाळायच्या होत्या, म्हणून अडते कोठे हे त्यांना पाहायचे होते. गरजेपोटी जन्मलेली चाचणी ती. हिचा एक दंडक आजही मोलाचा आहे : चाचणीची फाइल संगणकाच्या चालू स्मृतीच्या कितीतरी पट मोठी घ्यावी.

असे का, ते सांगतो. संगणक लिहिण्याचा हुकूम मिळताच माहिती चालू स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये घेतो, 'झाले' म्हणून सांगतो, आणि सवडीने कार्डावर उतरवतो. ट्रक अजून धक्क्यावर उभा असताना मुकादमाने वहीत 'माल गोदामात पोचला' लिहावे, तसे हे. लहान फाइल घेऊन मोजले तर आपण गोदामाचा नव्हे, मुकादमाच्या लेखणीचा वेग मोजतो. या छोट्या पट्टीवर नवशिका मनुष्य 'डीडी' ही जुनी आज्ञा चालवतो, सेकंदाला शेकडो मेगाबाइटचा आकडा पाहतो, आणि हरखून जातो. कार्डाला त्यातले काही ठाऊकही नसते.

जाणत्यांचीही स्थिती फार निराळी नव्हती. २००८ साली ट्रेगर, झादोक, जुकोव्ह आणि राइट यांनी नऊ वर्षांतील १०६ शोधनिबंध तपासले. त्यांत ४१५ चाचण्या वापरलेल्या होत्या. निष्कर्ष असा की, सर्वांत लोकप्रिय चाचण्या सदोष आहेत, आणि पुष्कळ निबंधांत मोजणी कशी केली हे दुसऱ्याला पुन्हा करता येईल इतके सांगितलेलेही नाही.

आता कार्डाकडे वळू. त्यातली साठवण 'फ्लॅश' प्रकारची. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात तिचा शोध लावला. आज कार्डांत असते ती जात त्यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडली. शोधाचा पुरेसा मोबदला मिळाला नाही म्हणून त्यांनी २००४ साली कंपनीवर दावा लावला. मागणी एक अब्ज येनची होती. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. आज जगातल्या प्रत्येक खिशात ज्याचा शोध आहे त्या माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही नोंद आम्ही मुद्दाम करतो.

फ्लॅशची एक खोड आहे. ती शाळेतल्या पाटीसारखी. पण अशी पाटी की जिच्यावरचे एक अक्षर पुसता येत नाही, पुसायची तर सगळी पाटी पुसावी लागते. शिवाय पुसून पुसून ती झिजते. एक शब्द बदलायचा झाला तर कार्डातला इवलासा कारभारी तो शब्द दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहितो, आणि कधीतरी सवडीने जुन्या पाटीवरचे उरलेले उतरवून ती पुसतो. सलग मोठा मजकूर आला तर पाट्यांमागून पाट्या भरत जातात, काम सुरळीत चालते. चिमूटभर मजकूर शंभर ठिकाणी लिहायचा म्हटले की कारभाऱ्याची त्रेधा उडते. नवे कार्ड आणि वापरलेले कार्ड यांच्या वेगात अंतर पडते ते यामुळेच. १७५ आणि ३० ची गोष्ट येथे पुन्हा भेटते.

एस.डी. कार्ड १९९९ साली पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून जाहीर केले. ते मुख्यतः कॅमेरा आणि गाण्याच्या यंत्रांसाठी. चित्र किंवा चित्रफीत म्हणजे सलग मजकूर, म्हणून कार्डावर छापायची मापेही सलग लेखनाची ठरली. वर्तुळात '१०' असा आकडा असतो, त्याचा अर्थ सलग लेखन सेकंदाला निदान १० मेगाबाइट. काही काळ तर '१३३ पट' अशी भाषा होती. कशाच्या पट म्हणाल, तर सीडीच्या मूळ वाचनवेगाच्या, म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइटच्या. कार्डाला सीडीचा गज लावणे म्हणजे कापड मापाने मोजण्यासारखे आहे. परंतु कॅमेऱ्यापुरते हे सारे चालून जाई. पुढे हेच कार्ड रास्पबेरी पायसारख्या पट्टीचे घर झाले, आणि गफलत उघडी पडली. संगणक दिवसभर सलग लिहीत नाही. तो नोंदवहीत एक ओळ टाकतो, एक लहान फाइल बदलतो, एक तात्पुरता कागद फाडतो. कारकुनाचेच काम ते.

कार्ड बनविणाऱ्यांच्या संघाला हे १७ वर्षांनी मान्य झाले. २०१६ साली 'ए-वन' नावाची पायरी आली : विखुरलेली वाचने सेकंदाला निदान १५००, विखुरलेली लेखने निदान ५००, प्रत्येक चार किलोबाइटचे. आता श्रोत्यांनीच हिशेब करावा. ५०० गुणिले ४, म्हणजे २००० किलोबाइट, म्हणजे सुमारे दोन मेगाबाइट. ज्या कार्डाच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत शंभर मेगाबाइट लिहिलेले असते, त्याच कार्डावर कोपऱ्यात बारीक 'ए-वन' असते, आणि त्याची हमी विखुरलेल्या लेखनाला दोनची असते. दोन्ही खरे. एक जाहिरातीसाठी, एक कामासाठी.

त्यातही पट्टीचा दरवाजा केवढा हे पाहावे लागते. आरंभीच्या रास्पबेरी पायमध्ये कार्डाच्या वाटेने सेकंदाला २५ मेगाबाइटहून अधिक माल जाऊच शकत नसे. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत ही मर्यादा ५० झाली, २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत आणखी दुप्पट. दरवाजा अरुंद असताना महागडे कार्ड घेणे म्हणजे बोळात ट्रेलर नेणे.

आमच्या संघटनेच्या कचेरीत असलीच एक पट्टी आहे. तिच्यात सभासदांच्या वर्गणीची नोंद असते. ही नोंद क्षुल्लक नाही. कारखाना बंद पडला, मालकाच्या हजेरीवह्या 'सापडत नाहीत', आणि ग्रॅच्युइटीसाठी कामगाराला पाच वर्षांची सलग नोकरी सिद्ध करायची आहे, अशा वेळी महिन्यामहिन्याची वर्गणीची पावती हा त्याच्या हातातला मोठा पुरावा असतो. एका उन्हाळ्यात वीज गेली. परत आली तेव्हा त्या दुपारी घातलेल्या नोंदी नव्हत्या. नामांकित म्हणून घेतलेले कार्ड होते. वेष्टनावरचा वेग मोठा होता. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती होत्या म्हणून सगळे पुन्हा भरता आले.

हा प्रकार जगात सर्वत्र घडलेला आहे. लिनक्सच्या मेहत्यांत एक्स्ट-थ्री नावाचा होता; तो कीर्द ठेवी, आणि साधारणतः दर पाच सेकंदांनी साठलेले उतरवी. २००८ साली स्थिर म्हणून आलेला त्याचा वारस एक्स्ट-फोर अधिक चपळ, कारण माल कोठे ठेवायचा हा निर्णय तो लांबणीवर टाकतो आणि पुष्कळसा माल जमला की एकदम लावतो. २००९ च्या आरंभी लोक तक्रार करू लागले की, यंत्र मध्येच बंद पडले तर फाइली रिकाम्या, शून्य लांबीच्या मिळतात. त्याचे प्रमुख कर्ते टेड त्सो यांनी सांगितले, ज्याला खात्री हवी त्याने 'एफसिंक' ही आज्ञा द्यावी. म्हणजे 'खरेच कार्डावर उतरवून झाल्यावरच मला सांग'. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि तरीही त्यांनी नेहमीच्या प्रसंगांपुरती दुरुस्ती करून दिली. हा मोठेपणा म्हणायचा. पण चाचणीच्या दृष्टीने मुद्दा असा की, ही आज्ञा न देता मोजले तर आकडा एक, आणि प्रत्येक नोंदीगणिक देऊन मोजले तर अगदीच निराळा. रास्पबेरी पायवर नित्याचा मेहता एक्स्ट-फोरच असतो. कीर्दीच्या तत्त्वावर खास फ्लॅशसाठी सॅमसंगने रचलेली एफ-टू-एफ-एस ही २०१३ मध्ये लिनक्सात आली, आणि बारीक विखुरलेल्या लेखनाला ती अनुकूल आहे. पण तिलाही झाडलोट आहेच, म्हणून अर्धे भरलेले कार्ड आणि काठोकाठ भरलेले कार्ड दोन्ही मोजल्याखेरीज तुलना करू नये.

आज या कामासाठी जी चाचणी जगभर वापरतात ती 'एफआयओ'. लिनक्समधील साठवणीचा विभाग सांभाळणारे येन्स अ‍ॅक्सबो यांनी ती लिहिली. कारण काय, तर दरवेळी नव्या प्रश्नासाठी नवी चाचणी लिहिण्याचा त्यांना कंटाळा आला. ती स्वतः कोणताच प्रश्न गृहीत धरत नाही. तुकडा केवढा, सलग की विखुरलेला, वाचन किती, लेखन किती, एफसिंक किती नोंदींनंतर, हे मोजणाऱ्याने सांगायचे. पुढे रास्पबेरी पायच्या कर्त्यांनी तिच्याच आधाराने कार्ड तपासण्याचे एक छोटे साधन आपल्या गिऱ्हाइकांना देऊ केले. ते तीन गोष्टी पाहते : सलग लेखन १० मेगाबाइट आहे का, विखुरलेली लेखने ५०० आहेत का, विखुरलेली वाचने १५०० आहेत का. वेष्टनावरचा ठळक आकडा त्यात कोठेच विचारलेला नाही.

कचेरीत आम्ही हीच तपासणी दर महिन्याला वर्गणी भरून झाल्यावर, वापरातल्याच कार्डावर करतो. त्याशिवाय प्रत्येक नोंदीनंतर एफसिंक देऊन एक मोजणी निराळी. आकडे पावतीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर शाईने लिहितो, आणि आकड्यांखाली ते कार्ड किती महिने वापरात आहे व किती भरले आहे हेही लिहितो.